फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी : कॅमेऱ्यातले फोटो लॅपटॉपवर घेताना

या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना फोल्डरांची नावं आणि आकडे पटकन निसटतात, म्हणून थोडं नीट लावून लिहिलंय. बोलण्याचा सूर मात्र तसाच ठेवलाय.

सोलापुरात जानेवारी लागला की गड्ड्याची यात्रा येते, आणि कपाटात पडलेले कॅमेरे बाहेर निघतात. एरवी मोबाइलवर भागतं. पण सिद्धेश्वराची यात्रा म्हटली की मोठी लेन्स हवी, बॅटरी चार्ज हवी, कार्ड रिकामं हवं. याच दिवसांत एका श्रोत्यानं विचारलं, "केबल जोडायची, फोटो दिसले की कॉपी करायचे. यावर आख्खा भाग करण्यासारखं काय आहे?"

खरं सांगू? मीही असंच म्हणायचो. मग एका संक्रांतीला माझे २१४ फोटो गेले. त्यात एक फोटो असा होता, जो परत काढता येणार नव्हता. म्हणून आजचा भाग.

शेजारच्या काकांचा फोटो

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारचे काका बरीच वर्षं नंदीध्वज पेलायचे. बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. उंच, जड काठ्या. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त त्या पेलत उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून मंदिराकडे जातात. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा, संक्रांतीला होम. नंदीध्वज पेलणं म्हणजे नुसतं खांद्याचं काम नाही. त्यासाठी आधी सराव लागतो, तोल लागतो, गुडघे शाबूत लागतात.

काकांचे गुडघे त्या वर्षी बोलायला लागले होते. ते मला म्हणाले, "यंदा शेवटचं बघ. पुढच्या वर्षी पोरगा धरणार. एक चांगला फोटो काढ की माझा."

मी काढला. अक्षता पडत होत्या, हवेत नुसतं पांढरं-पिवळं झालं होतं, आणि काका मान वर करून काठीच्या टोकाकडे बघत होते. सलग तीन फोटो मिळाले. मागच्या पडद्यावर बघितलं आणि मनात म्हटलं, झालं काम.

रात्री अकरा वाजता घरी आलो. पाय दुखत होते. केबल जोडली, कॅमेऱ्यातलं फोल्डर उघडलं, साडेनऊशेच्या वर फोटो दिसले, सगळे लॅपटॉपवर कॉपी केले. दुसऱ्या दिवशी होमासाठी कार्ड रिकामं हवं होतं, म्हणून कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट केलं आणि झोपलो. संक्रांतीच्या संध्याकाळी होम मैदानावर आणखी ३८ फोटो काढले. रात्री काका घरी आले. "फोटो आला का माझा? बघू की."

नव्हता. काकांचाच काय, अक्षतांचा एकही फोटो लॅपटॉपवर नव्हता.

पत्ता लागला तो फाइलच्या नंबरवरून. लॅपटॉपवर कॉपी झालेला शेवटचा फोटो ४७३१ नंबरचा होता. होमाचा पहिला फोटो ४९४६. कॅमेरा तर एक नंबर झाला की दुसरा देतो. मग मधले २१४ गेले कुठे?

कार्डाच्या आत काय असतं

ते २१४ दुसऱ्या फोल्डरात होते. मी पहिलंच उघडलं होतं.

कुठल्याही कंपनीचा कॅमेरा घ्या, कार्ड उघडलं की आत 'डीसीआयएम' नावाचं फोल्डर दिसतं. डिजिटल कॅमेरा इमेजेस, त्याचं हे लघुरूप. ही काही एका कंपनीची पद्धत नाही. १९९८ साली जपानमध्ये एक नियमावली ठरली, 'डीसीएफ' नावाची. एका कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्या यंत्राला वाचता यावं, हा तिचा हेतू. तिच्यात ठरलं की डीसीआयएमच्या आत फोल्डर असतील, त्यांना १०० ते ९९९ असे नंबर असतील आणि पुढे पाच अक्षरं. म्हणून निकॉनमध्ये '१००निकॉन', कॅननमध्ये '१००कॅनन', सोनीत '१००एमएसडीसीएफ' अशी नावं दिसतात. फोटोच्या नावात चार अक्षरं आणि चार आकडे, ०००१ ते ९९९९.

आता गंमत बघा. एका फोल्डरात किती फोटो ठेवायचे, हे कॅमेऱ्यानुसार बदलतं. माझ्या त्या जुन्या कॅमेऱ्यात ९९९ झाले की तो गुपचूप पुढचं फोल्डर उघडायचा. काही विचारत नाही, काही सांगत नाही. १०० भरलं, १०१ सुरू. तैलाभिषेकाचा दिवस आणि अक्षतांच्या दिवशीची सकाळ १०० मध्ये, अक्षता आणि काका १०१ मध्ये. साडेनऊशे फोटो बघून मला वाटलं, एवढेच असणार.

व्हिडिओची आणखी एक तऱ्हा. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत व्हिडिओ डीसीआयएममध्ये नसतातच. 'प्रायव्हेट' नावाच्या वेगळ्या फोल्डरात, दोन-तीन पायऱ्या आत असतात. कित्येक जण डीसीआयएम तेवढं कॉपी करतात आणि लग्नातला सगळा व्हिडिओ पुसून बसतात.

म्हणून पहिला नियम लिहून घ्या. फोटो निवडून कॉपी करायचे नाहीत, एखादं फोल्डरही नाही. आख्खं कार्ड कॉपी करायचं. कार्ड उघडल्यावर सगळ्यात वर जे काही दिसतं ते सगळं, जसंच्या तसं. नको ते नंतर लॅपटॉपवर निवांत काढा.

पुसलेलं खरंच पुसलं जातं का?

त्या रात्री मी एकच गोष्ट बरोबर केली. कॅमेरा बंद केला आणि कार्ड बाहेर काढून ठेवलं. त्यानंतर एकही फोटो काढला नाही. का, ते समजून घेऊ.

सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस मुंबईला निघते. समजा, एका डब्याचा आरक्षणाचा तक्ता कोणीतरी फाडून टाकला. डब्यातले प्रवासी गायब झाले का? नाही. सगळे आपापल्या बर्थवर झोपलेत. फक्त तिकीट तपासनिसाच्या लेखी डबा रिकामा आहे. नवा प्रवासी आला की तो त्याला बर्थ देऊन टाकणार, आणि तिथे झोपलेल्याला उठावं लागणार.

कार्डाचं फॉरमॅट बहुतेक वेळा असंच असतं. कोणता फोटो कुठे ठेवलाय त्याचा तक्ता कोरा होतो. फोटोंचा मजकूर तिथेच पडून राहतो, नवा फोटो येऊन त्याची जागा घेईपर्यंत. म्हणून चूक लक्षात आली की पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. नवा फोटो नाही, व्हिडिओ नाही, 'बघू तरी काय होतंय' नाही. कार्ड बाहेर. एक सावधगिरी : काही कॅमेऱ्यांत 'लो-लेव्हल फॉरमॅट' असा वेगळा पर्याय असतो. तो तक्त्याबरोबर डबाही रिकामा करतो. त्यावर खूण करू नका.

मग मी 'फोटोरेक' नावाचा मोफत प्रोग्राम लॅपटॉपवर चालवला. तो तक्ता बघतच नाही. कार्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो आणि खुणा शोधतो. प्रत्येक जेपेग फाइलची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते. ती खूण दिसली की इथून एक फोटो सुरू झाला, असं धरून तो मजकूर उचलतो. कार्डावर स्वतः काही लिहीत नाही. सापडलेले फोटो मात्र लॅपटॉपवर ठेवायचे, चुकूनही त्याच कार्डावर नाही. नाहीतर एकाला वाचवताना दुसऱ्याला उठवाल.

दोनशे चौदापैकी २०३ मिळाले. नावं गेली होती, कुठलेतरी लांबलचक नंबर आले होते, पण फोटो होते. अकरा गेले. काही पूर्ण, काहींचा खालचा भाग करडा.

ते अकराच का गेले, यात माझी दुसरी चूक सापडली. अक्षतांच्या वेळी १६ जीबीचं कार्ड भरत आलं होतं. मी गर्दीत उभ्या उभ्या आदल्या दिवशीचे तीसेक हललेले फोटो कॅमेऱ्यातच एकेक करून डिलीट केले. म्हणजे डब्याच्या सुरुवातीला मधूनमधून बर्थ रिकामे झाले. शेवटचे फोटो त्या फटींत जाऊन बसले, काही तर दोन तुकड्यांत. दुसऱ्या दिवशी होमाचे ३८ फोटो कार्डाच्या सुरुवातीपासून लिहिले गेले, आणि नेमकी तीच जागा त्यांनी घेतली. तिथले जुने फोटो तर लॅपटॉपवर आलेलेच होते, त्यांचं काही बिघडलं नाही. मेले ते फटींत बसवलेले. आणि तुकडे झालेला फोटो जोडणं फोटोरेकला अवघड जातं, कारण दुसरा तुकडा कुठे आहे हे सांगणारा तक्ताच उरलेला नसतो.

म्हणून दुसरा नियम : कॅमेऱ्यात एकेक फोटो डिलीट करत बसू नका. जागा कमी पडते तर दुसरं कार्ड खिशात ठेवा.

केबल की कार्ड रीडर?

आता मुख्य कामाकडे येऊ. फोटो लॅपटॉपवर आणायचे तीन रस्ते आहेत.

पहिला, कॅमेऱ्याबरोबर आलेली केबल. जोडली, कॅमेरा चालू केला की विंडोजमध्ये 'धिस पीसी' खाली कॅमेऱ्याचं नाव दिसतं. मॅकवर 'इमेज कॅप्चर' किंवा 'फोटोज' उघडायचं. हे चालतं, पण यात कॅमेऱ्याची बॅटरी खर्च होते, आणि कॉपी अर्ध्यावर असताना ती संपली तर काम तिथेच थांबतं. शिवाय ते छोटं यूएसबीचं भोक वर्षानुवर्षं वापरून सैल होतं. केबल जरा हलली की जोडणी तुटते. केबलच वापरायची असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून, आणि कॅमेरा टेबलावर ठेवून.

दुसरा, वायफाय. दोन-चार फोटो मोबाइलवर घ्यायला छान. हजार फोटोंना नाही. आणि काही कंपन्यांची ॲप्स आपोआप पाठवताना मूळ फोटो पाठवतच नाहीत, २ मेगापिक्सेलची छोटी प्रत पाठवतात. ती मोबाइलवर सुंदर दिसते. फ्रेम करायला गेलात की कळतं. तीच गोष्ट व्हॉट्सॲपची. तिथून पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. मूळ हवा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

तिसरा, कार्ड रीडर. मी हाच वापरतो. कार्ड कॅमेऱ्यातून काढायचं (कॅमेरा बंद करून, आणि कार्डाजवळचा लाल दिवा विझल्यावर), रीडरमध्ये घालायचं, रीडर लॅपटॉपला. कार्ड पेनड्राइव्हसारखं दिसतं, आख्खं. बॅटरीची चिंता नाही.

वेगाचा हिशोब करून बघा. बाराशे फोटो, प्रत्येकी १० एमबी, म्हणजे साधारण १२ जीबी. यूएसबी २ च्या जुन्या केबलवर सेकंदाला ३० एमबी मिळाले तर ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटं. यूएसबी ३ चा रीडर आणि बऱ्यापैकी कार्ड असेल, सेकंदाला ९० एमबी मिळाले, तर सव्वादोन मिनिटं. अनेक लॅपटॉपवर यूएसबी ३ चं भोक आतून निळं असतं. निळा रीडर काळ्या भोकात घातला तरी चालतो, पण जुन्याच वेगानं.

रीडरमध्ये कार्ड घालण्याआधी एक छोटी गोष्ट. एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक इवलीशी पट्टी असते. ती खाली सरकवली की कार्डला कुलूप. म्हणजे वाचता येतं, पण लिहिता किंवा पुसता येत नाही. खरं तर कार्डाच्या आत काही बदलत नाही. पट्टी कुठे आहे हे रीडर बघतो आणि तेवढं पाळतो. पण बहुतेक रीडर पाळतात. फोटो प्रिंट करायला दुकानात कार्ड देताना तर ही पट्टी खाली करूनच द्या. त्या संगणकावर दिवसभरात पन्नास जणांचे पेनड्राइव्ह लागतात, त्यांच्याबरोबर काय काय येतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कॅमेऱ्यात परत घालताना पट्टी वर करायला विसरू नका, नाहीतर कॅमेरा 'कार्ड लॉक्ड' म्हणून रुसून बसेल.

आणि एक धोक्याची पाटी. कधीकधी कार्ड घातलं की विंडोज म्हणतं, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? समोर बटण असतं, हात आपोआप जातो. नाही म्हणा. कित्येकदा कार्ड ठणठणीत असतं, दोष रीडरचा असतो. एसडी कार्ड १९९९ साली सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा यांनी मिळून आणलं. पुढे त्याच आकारात जास्त जागेची कार्डं आली. ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी, त्यावरची एसडीएक्ससी. दिसायला सारखीच, पण आतली मांडणी वेगळी. फार जुन्या रीडरला ६४ जीबीचं नवं कार्ड कधीकधी समजत नाही, आणि न समजलेली गोष्ट त्याला रिकामी वाटते. दुसरा रीडर लावून बघा, नाहीतर केबलनं कॅमेराच जोडा. कॅमेऱ्याला फोटो दिसतात ना, मग फोटो आहेत.

कॉपी करा, कट नको

कार्ड उघडलं. सगळं निवडलं. आता कंट्रोल-एक्स की कंट्रोल-सी?

सी. नेहमी सी. 'कट' केलं की लॅपटॉप एकेक फाइल उचलतो, इकडे ठेवतो, तिकडून पुसतो. मध्ये वीज गेली, केबल हलली, लॅपटॉप झोपला, तर अर्धे फोटो इकडे, अर्धे तिकडे. आणि मुख्य म्हणजे, चूक तपासायला मूळ शिल्लक राहत नाही. कॉपी केलं तर काहीही बिघडलं तरी कार्ड जसंच्या तसं आहे. पुन्हा करू.

कुठे ठेवायचं? डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'फोटो फायनल', असं करू नका. प्रत्येक कार्डासाठी नवं फोल्डर, आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस : '२०२५-०१-१३ अक्षता'. वर्ष पुढे ठेवलं की फोल्डर आपोआप तारखेनं रांगेत लागतात.

नवं फोल्डर का, त्याला आणखी एक कारण आहे. मघाशी सांगितलं, फोटोचा नंबर ९९९९ पर्यंतच जातो. मग पुन्हा ०००१. म्हणजे आजचा ०३५० नंबरचा फोटो आणि दोन वर्षांपूर्वीच्या बारशातला ०३५० नंबरचा फोटो, नाव एकच. दोन्ही एकाच फोल्डरात टाकायला गेलात की विंडोज विचारणार, रिप्लेस करू का? घाईत 'हो' दाबलं की बारसं गेलं. असं विचारलं गेलं तर थांबा. तुम्ही चुकीच्या फोल्डरात आहात.

कॅमेऱ्याच्या मेनूत 'फाइल नंबर' असा पर्याय असतो. तो 'कंटिन्युअस' किंवा 'ऑन' ठेवा. 'रीसेट'वर ठेवलात तर दर फॉरमॅटनंतर पुन्हा एकपासून सुरुवात, म्हणजे सारखी नावं दर महिन्याला. माझा चालू नंबरावर होता म्हणून तर ४७३१ आणि ४९४६ मधली फट दिसली. नाहीतर मला कळलंही नसतं काय गेलं ते.

मोजल्याशिवाय मानायचं नाही

कॉपी संपली. खिडकी बंद झाली. आता बहुतेक जण इथे उठतात. मी उठलो होतो.

दोन मिनिटं थांबा. कार्डावर सगळं निवडून राइट क्लिक, प्रॉपर्टीज. फाइल किती, बाइट किती, दोन्ही आकडे बघा. मग लॅपटॉपवरच्या फोल्डरात तेच. दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत. 'साधारण सारखे' नाही, अगदी तेच. त्या रात्री मी आख्ख्या कार्डाचे आकडे बघितले असते, तर दोनशे चौदाचा फरक तिथेच दिसला असता.

मग पाच-सहा फोटो उघडून बघा. पहिला, शेवटचा, मधले काही. नुसत्या छोट्या चित्रांवर विश्वास ठेवू नका. फोटोच्या फाइलमध्ये एक छोटी प्रत वेगळी साठवलेली असते, आणि मुख्य चित्र बिघडलं तरी ती शाबूत दिसू शकते. पूर्ण उघडा, मोठं करा, खालच्या कोपऱ्यापर्यंत बघा.

जास्त काटेकोर व्हायचं असेल तर 'टेराकॉपी'सारखे प्रोग्राम आहेत. ते कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फाइल पुन्हा वाचतात आणि तिच्या सगळ्या बाइट्सवरून एक आकडा काढून जुळवतात. जमाखर्चाच्या वहीत दोन्ही बाजूंची बेरीज करतो ना, तसं. एक बाइट जरी बदलला तरी बेरीज जुळत नाही.

दुसरी प्रत, मगच फॉरमॅट

आता कळीचा मुद्दा. कार्डावरून लॅपटॉपवर आले, कार्ड फॉरमॅट केलं. तुमच्याकडे किती प्रती आहेत? एकच. आधीही एकच होती. जागा बदलली, एवढंच.

उलट आता धोका जरा वाढला. कार्डावरून चुकून उडालेलं बऱ्याचदा परत मिळतं, ते आपण बघितलं. आजच्या लॅपटॉपात एसएसडी असते. तिच्यावरून रीसायकल बिनमधूनही काढून टाकलं, की लॅपटॉप तिला कळवतो की ही जागा आता मोकळी आहे, आणि ती मागेपुढे स्वतःच ती साफ करून ठेवते. तिथे फोटोरेकला शोधायला बहुधा काही उरत नाही.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक हिशोब आहे, ३-२-१. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. घरच्या भाषेत : एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत बहिणीकडे पुण्याला ठेवलेल्या हार्ड डिस्कवर असेल, नाहीतर क्लाउडवर. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मोफत १५ जीबी, तेही जीमेलसकट. त्यात 'स्टोरेज सेव्हर' निवडलंत तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान करून ठेवले जातात. मूळ हवे तर 'ओरिजिनल क्वालिटी' निवडा, जागा जास्त जाईल हे धरून. सगळेच फोटो नाही जमले तर निवडक पन्नास तरी.

दुसरी प्रत झाली, मोजली, मगच फॉरमॅट. आणि तो कॅमेऱ्यात करा, लॅपटॉपवर नको. कॅमेरा त्याला हवी तशी मांडणी आणि फोल्डर स्वतः करून घेतो.

माझा स्वतःचा नियम आणखी कडक आहे. ज्या रात्री फोटो काढले त्या रात्री फॉरमॅट करायचं नाही. पाय दुखत असतात, डोळे मिटत असतात. कार्ड पट्टी खाली करून डबीत ठेवायचं, सकाळी चहा झाल्यावर मोजायचं. त्यासाठी दोन कार्डं लागतात. लागू देत. कार्ड पुन्हा विकत मिळतं.

शेवटी

एक गोष्ट सांगून थांबतो. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकमधले अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी बनवला. चित्र शंभर बाय शंभर ठिपक्यांचं, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. मग ती कॅसेट दुसऱ्या यंत्रात घालून टीव्हीवर चित्र बघायचं. म्हणजे फोटो काढणं एक आणि तो सुखरूप दुसरीकडे नेणं दुसरं, ही दोन कामं पहिल्या दिवसापासून वेगळी आहेत. आपण पहिल्यावर लेन्स, पैसे, वेळ खर्च करतो. दुसरं झोपेत उरकतो.

काकांच्या तीन फोटोंपैकी एक पूर्ण गेला. मान वर करून बघतानाचा, सगळ्यात चांगला, तो कपाळापर्यंत आला, खाली सगळं करडं. तिसरा शाबूत मिळाला. त्यात अक्षता आहेत, काठी आहे, पण काकांचे डोळे मिटलेत. मी खूप माफी मागितली. त्यांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "डोळ्यात अक्षता गेली होती रे. असंच झालं होतं तेव्हा." तोच फोटो त्यांच्या घरात लागलाय.

त्यांनी मला मोकळं केलं, पण माझं मन अजून मोकळं नाही. म्हणून यंदा यात्रेहून, लग्नाहून, बारशाहून आलात की एवढंच करा : आख्खं कार्ड, नव्या फोल्डरात, कॉपी. मोजा. उघडून बघा. दुसरी प्रत. आणि फॉरमॅट सकाळी.